शैक्षणिक खेळणी : खरेदीशास्त्राची मूलतत्त्वे

ज्याच्या खोक्यावर चष्मा लावलेल्या मुलाचे चित्र असते ते शैक्षणिक खेळणे होय. चष्मा नसेल तर ती वस्तू नुसते खेळणे ठरते आणि निम्म्या किमतीला मिळते. रंगीत ठोकळे प्लास्टिकच्या पिशवीत भरले की ते ठोकळेच राहतात. तेच खोक्यात घालून वर ‘एकाग्रता, कल्पनाशक्ती, हात-डोळा समन्वय’ असे छापले की शिक्षण सुरू होते. हा फरक मुलाला कळत नाही. पैसे देणाऱ्याला तो कळतो, आणि व्यवहारापुरते तेवढे पुरेसे असते.

या मालाचे दुकान बहुधा शाळेच्या वाटेवर असते आणि त्याच्या नावात ज्ञान, बाल, किड्स किंवा जीनियस यांपैकी एक शब्द सापडतोच. दाराशी जाळीत लोंबणारे चेंडू आणि पिंपात उभ्या केलेल्या बॅटी असतात. हा विभाग अशैक्षणिक असल्यामुळे पालक मुलाचे मनगट धरून तो झपाट्याने ओलांडतात. आत भिंतीला कॅरम बोर्ड टेकवलेले असतात, त्यापुढे छतापर्यंत खोकी रचलेली असतात आणि माळ्यावर एक कामाचा मुलगा कायम चढलेला असतो. मालक खालून ‘अरे, तो नको, आठ प्लसवाला टाक’ असे ओरडतो आणि वरून खोके येते. गिऱ्हाइकाने जे मागितले ते, आणि जे आले ते, यांचा संबंध असेलच असे नाही.

मालाचा पहिला प्रकार म्हणजे जोडचित्रे, म्हणजेच पझल. यात शिक्षण खरोखरच आधी आले आणि खेळ मागून. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने लाकडावर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवत फिरवली. हेतू भूगोल शिकवण्याचा होता. आजही दुकानात नकाशाच सर्वाधिक प्रतिष्ठित मानला जातो. अडचण एवढीच की भूगोल बदलतो आणि दुकानातला माल बदलत नाही. २ जून २०१४ ला तेलंगण झाले, त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर धरून महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले, ३१ ऑक्टोबर २०१९ ला जम्मू-काश्मीर आणि लडाख वेगळे झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव ही नावे आली आणि २०२४ मध्ये अहिल्यानगर. दुकानातल्या खालच्या फळीवर मात्र अखंड आंध्र प्रदेश सुखाने नांदत असतो. हे लक्षात आणून दिल्यास दुकानदार वाद घालत नाही. दहा टक्के सूट देतो. घरी गेल्यावर राजस्थान कधी हरवत नाही. गोवा पहिल्या आठवड्यात सोफ्याखाली जातो, आणि जिल्ह्यांच्या नकाशात ही पाळी १५७ चौरस किलोमीटरच्या मुंबई शहराची असते. राज्याची राजधानी नसलेला महाराष्ट्र मग वर्षानुवर्षे कपाटावर राहतो आणि त्यावाचून काही अडत नाही.

दुसरा प्रकार अक्षरांचा. इंग्रजी संचात एक्सच्या पुढे नेहमी झायलोफोन असतो. हे वाद्य महाराष्ट्रातल्या मुलांना वाजवताना क्वचितच भेटते, पण त्याचे स्पेलिंग त्यांना पहिलीच्या आधी येते. देवनागरी संचाची गंमत निराळी आहे. हिंदी प्रदेशासाठी बनवलेल्या संचात ळ नसतो. त्यामुळे बाळ, फळा, शाळा आणि कमळ यांतले काहीच तयार होत नाही. तक्रार केल्यावर ‘ल लावा ना ताई, मुलांना चालतं’ असा तोडगा निघतो आणि बाल फला घेऊन शालेत जातो. ङ आणि ञ हे दोन ठोकळे मात्र प्रत्येक संचात न चुकता असतात. त्यांचे कोणालाच काम पडत नसल्यामुळे ते कधी हरवतही नाहीत.

तिसरा प्रकार पटावरच्या खेळांचा. सापशिडीचा पूर्वज असलेल्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत; परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. आताच्या पटावर मोक्षाच्या जागी शंभर हा आकडा आहे, आणि पाठीमागच्या बाजूला ल्यूडो मोफत आहे. व्यापाराच्या खेळाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. लिझी मॅगी या अमेरिकी बाईंनी १९०४ मध्ये ज्या खेळाचे पेटंट घेतले, त्यातून जमीनदारी समाजाला कशी नाडते हे लोकांना कळावे अशी त्यांची इच्छा होती. त्याच खेळावरून पुढे मोनोपॉली तयार झाला, १९३५ मध्ये तो पार्कर ब्रदर्स कंपनीने बाजारात आणला, आणि लोकांना जमीनदारीतले भलतेच काही कळले. त्याच घराण्यातला व्यापार आपल्याकडे पोचला तेव्हा मुंबई, पुणे, दिल्ली विकत घेण्याची सोय झाली. मध्यमवर्गीय मराठी घरात मुंबईत जागा घेण्याचा हा एकच मार्ग बिनव्याजी आहे. या खेळातून मुले व्यवहार शिकतात असे खोक्यावर लिहिलेले असते आणि ते खरे आहे : बँक ज्याच्या मांडीजवळ असते तोच शेवटी जिंकतो, हे त्यांना दुसऱ्या डावात समजते.

चौथा प्रकार रुबिक क्यूबचा. एर्नो रुबिक या बुडापेस्टच्या वास्तुकलेच्या प्राध्यापकांनी तो १९७४ मध्ये तयार केला, आणि स्वतःच फिरवलेला ठोकळा पुन्हा जुळवायला त्यांना महिनाभर लागला. त्याच्या संभाव्य मांडण्यांची संख्या सुमारे ४३ वर १८ शून्ये एवढी आहे. त्यांतली कोणतीही मांडणी वीस किंवा त्याहून कमी चालींत सुटते हे २०१० मध्ये संगणकाने सिद्ध झाले. दुकानात क्यूब विकण्याची पद्धत मात्र एकाच चालीची आहे. नमुन्याचा जुळवलेला क्यूब काउंटरवर ठेवायचा आणि वाट पाहायची. पाच मिनिटांत कोणीतरी वडील तो सहज म्हणून उचलतात, दोनदा फिरवतात, मग पूर्ववत करायला पाचदा फिरवतात. दहाव्या मिनिटाला त्यांना घाम फुटतो आणि विसाव्या मिनिटाला ते तो विकत घेतात. त्यांच्या पाठीमागे माळ्यावरचा मुलगा खाली उतरतो आणि दुसरा नमुना मिनिटाच्या आत जुळवून ठेवतो.

पाचवा प्रकार बॅटरीवर चालणारा. यात बोलणारा लॅपटॉप, गाणारा मोबाइल आणि पाढे म्हणणारे घुबड यांचा समावेश होतो. ही खेळणी ‘इथे दाबा’ असे छिद्र ठेवूनच खोक्यात घातलेली असतात, त्यामुळे दुकानात एखादे दोन वर्षांचे मूल मोकळे सुटले की तीन प्राणी एका वेळी अमेरिकन उच्चारात बाराखडी सोडून बाकी सर्व म्हणू लागतात. बॅटऱ्या वेगळ्या घ्याव्या लागतात. घरी आठवड्याभरात त्या गुपचूप काढल्या जातात आणि ‘घुबड झोपलं’ असे सांगितले जाते.

मालाइतकेच गिऱ्हाइकांचेही प्रकार आहेत. पहिल्या मुलाचे पालक ‘याने नेमकं काय डेव्हलप होतं?’ असे विचारतात. दुकानदाराकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते :

‘ब्रेन, ताई.’

‘आणि या दुसऱ्याने?’

‘त्यानेपण ब्रेनच. पण यात मोटर स्किल जास्त आहे, म्हणून शंभर रुपये वर.’

दुसऱ्या मुलाचे पालक विकासाची चौकशी करत नाहीत. त्यांना तुकडे नसलेले, आवाज न करणारे आणि भिंतीवर न उमटणारे काहीतरी हवे असते. आजोबा ‘साधा बुद्धिबळाचा पट आहे का, लाकडी?’ असे विचारतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, त्यामुळे आता आजोबांना कोणी ‘कशाला ते जुनाट’ असे म्हणू शकत नाही. आत्या आणि मामा हे सर्वांत निर्भय खरेदीदार असतात, कारण घेतलेला ढोल दुसऱ्याच्या घरी वाजणार असतो. या सर्वांच्या वरचा थर वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टवाल्यांचा. त्यांना पंचवीस नग हवे असतात, ते शैक्षणिक हवे असतात, दिसायला शंभराचे आणि घ्यायला चाळीसचे हवे असतात, आणि मुलगे-मुलींचा वाद होऊ नये म्हणून एकाच रंगाचे हवे असतात. दुकानदार पेन्सिलीच्या टोकावर अबॅकस बसवलेली वस्तू काढून देतो. प्रश्न मिटतो.

खोक्यावरचा वयाचा आकडा ही खरेदीतली सर्वांत गैरसमजाची जागा आहे. ‘३+’ हा आकडा पालक बुद्ध्यंकासारखा वाचतात आणि ‘आमचा जरा पुढे आहे’ असे म्हणत दीड वर्षाच्या मुलासाठी चार वर्षांचे खेळणे घेतात. वास्तविक या चिन्हाचा संबंध बुद्धीपेक्षा घशाशी अधिक असतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात टाकून पाहतात. जो भाग दाबल्याशिवाय त्यात पूर्ण मावतो तो मूल गिळू शकते असे धरले जाते. मूल कितीही हुशार असले तरी त्याचा घसा वयाप्रमाणेच वाढतो.

सुरक्षिततेचा दुसरा भाग सरकारी आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून वगळले आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे आपल्या रंगाच्या जोरावर विकली जातात. आयात शुल्कही वाढले : फेब्रुवारी २०२० मध्ये ते २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. ‘चायनाचं नाही ना?’ हा प्रश्न गिऱ्हाईक तरीही विचारतेच, आणि ‘नाही हो, आता सगळं इंडियन’ हे उत्तर दुकानदार खोक्याची खालची बाजू आपल्याकडे वळवून देतो. ती बाजू वळवून घेऊन वाचणे हा खरेदीदाराचा हक्क आहे. चिन्ह तिथेच असते किंवा नसते.

किमतीची बोलणी शेवटी होतात. भिंतीवर ‘एकच भाव’ अशी पाटी असते आणि गिऱ्हाइकाच्या हातात मोबाइल असतो. ‘ऑनलाइन कमी आहे’ असे सांगितले की दुकानदार ‘ऑनलाइनवाला हरवलेला तुकडा देईल का?’ असे विचारतो. तो स्वतःही देत नाही. पण त्याला तोंडावर विचारता येते, आणि हे समाधान घरपोच मिळत नाही. अखेर वीस रुपये कमी होतात, तेवढ्याच किमतीचा चमकदार कागद खोक्यावर चढतो आणि दोन्ही पक्ष जिंकतात.

या सर्व खटाटोपातून मूल काय शिकते, याचे उत्तर महाराष्ट्रात बरेच आधी आणि फारसा खर्च न करता शोधले गेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. माँटेसरीची साधने महाग पडत, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे वापरले. या साधनांच्या खोक्यावर काही छापलेले नव्हते, कारण खोकेच नव्हते. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे आकार उभे केले, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंची खेळणी बनवली, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्हीकडची युक्ती एकच : खेळणे जितके कमी करते तितके मुलाला जास्त करावे लागते. ज्या वस्तूत कळ दाबली की सगळे आपोआप होते, तिच्यात शिकण्याचे काम कारखान्यानेच उरकलेले असते.

म्हणून दुकानात शिरताना थोडी पथ्ये पाळावीत. आयएसआय चिन्ह पाहावे. वयाचा आकडा मुलाच्या खऱ्या वयाशी जुळवावा, कौतुकाच्या वयाशी नव्हे. खोके काउंटरवरच उघडून तुकडे मोजावेत, मराठी अक्षरांच्या संचात ळ आहे याची खात्री करावी आणि नकाशावर तेलंगण शोधावे. एकाच वस्तूचे चार-पाच खेळ होत असतील तर ती घ्यावी. एकच गाणे होत असेल तर ठेवून द्यावी. निवड मुलावर सोडावी आणि त्याने दाराजवळचा चेंडू निवडला तर निमूट पैसे द्यावेत. वडिलांना क्यूब हवा असेल तर त्यांनी तो स्वतःच्या नावाने घ्यावा. त्यासाठी मूल असलेच पाहिजे अशी अट कोणत्याही दुकानात नाही.