काडी लावणाऱ्या बायका

आमच्या धारच्या मराठी बायकांच्या पर्समध्ये पूर्वी काय सापडायचं? कुंकवाची पुडी, सुपारी, फार तर डोकेदुखीची गोळी. गेल्या भिशीत मोठ्या जाऊबाईंची पर्स कलंडली आणि आतून दाढीचं ब्लेड, ओला रुमाल आणि चार रबरबँड बाहेर पडले. क्षणभर सगळ्या चिडीचूप. मग जिच्या घरी भिशी होती ती उठली, मागच्या अंगणात जाऊन आली आणि म्हणाली, "तुळशीशेजारच्या झुडपाची एक फांदी कमी आहे." जाऊबाई चहा ढवळत राहिल्या. साखर केव्हाच विरघळली होती.

तर असं चाललंय. चांगल्या घरच्या, नातवंडं असलेल्या बायका काड्या चोरत हिंडतायत. आणि कशाच्या? जुन्या चायना गुलाबांच्या. 'चिनी गुलाब' म्हणायचं नाही हं. मी एकदा म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं गेलं की जणू मी पैठणीला नायलॉन म्हणाले. चिनी गुलाब म्हणजे ते ऑफिस टाइम, आमच्या हिंदीतलं नौ बजिया. जाड पानांचं, उन्हं चढली की उमलणारं. ते मुळात दक्षिण अमेरिकेचं, गुलाबाशी काही नातं नाही. बिचाऱ्या भाऊजींना हे कुठून माहीत असणार? बायकोचा वाढदिवस म्हणून ते नर्सरीतून दोन ट्रे भरून 'चिनी गुलाब' घेऊन आले. दोन दिवस त्या घरात फक्त मिक्सर बोलत होता.

या वेडाचं मुख्यालय नालछ्याला आहे. धारहून मांडवला जाताना मांडवच्या अलीकडे हे गाव लागतं, तिथे जाऊबाईंची शेती. पूर्वी सोयाबीन, मग गहू. आता रस्त्याकडच्या अर्ध्या बिघ्यात चाळीस झुडपं, प्रत्येकाच्या पायाशी पाटी, पाटीवर फ्रेंच नाव. मालव्याच्या काळ्या जमिनीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात पाय टाकला की चप्पल तिथेच राहते. गुलाबाच्या मुळांना साचलेलं पाणी चालत नाही. म्हणून मुरूम, वाळू आणि शेणखत घालून गुडघाभर उंच वाफे केले. वर दुपारची सावली हवी म्हणून पश्चिमेला शेवगा. भाऊजी म्हणतात, एवढ्यात सोयाबीनला ठिबक झालं असतं.

घरातली भाषाही बदलली आहे. एकदा सकाळी जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "लुई फिलिपला मावा लागलाय." भाऊजींनी मुकाट्यानं कपाट उघडलं आणि चार शर्ट उन्हात टाकले. हा लुई फिलिप 1834 सालचा लाल गुलाब आहे, हे त्यांना संध्याकाळी कळलं.

आता या झुडपांची चालचलणूक सांगते, लेकीसुनांना दुसऱ्या खोलीत पाठवा. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलायचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी काही आठवडे, मग वर्षभर सोवळ्यात. चायना गुलाब मात्र बारा महिने फुललेलाच. शास्त्रज्ञांनी याचं कारणही शोधलंय: फुलोऱ्याला आवर घालणारं एक जनुक यांच्यात बिघडलेलं आहे. म्हणजे घरात वळण लावणारं कोणी नाही, असा मी अर्थ काढला. शिवाय साधा गुलाब उन्हात फिका पडतो, तर हे गडद होत जातात. 'म्युटॅबिलिस' नावाचा एक आहे, तो उमलतो पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि जाताना किरमिजी. एकाच झुडपावर तिन्ही रंग. आमच्या भाषेत याला सरडा म्हणतात, जाऊबाई 'मूड' म्हणतात. आणि 'विरिडिफ्लोरा'? हिरवा! पाकळ्याच नाहीत, सगळी निदलंच. गुलाब म्हणून तो कुणाला दाखवायला न्यावा तर पाहुणे विचारतात, भाजी कशी करता?

कुळ विचाराल तर आणखी पंचाईत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही झाडं चीनहून निघाली, कंपनीच्या जहाजांबरोबर कलकत्त्यामार्गे विलायतेला पोचली. फ्रेंचांनी बंदर बघितलं, माहेर नाही विचारलं; नाव ठेवलं 'बंगाल गुलाब'. 1810 मध्ये इंग्रज-फ्रेंचांची जुंपलेली असताना जोसेफिन राणीच्या बागेसाठी निघालेला असाच एक गुलाब आरमारानं वाट मोकळी करून जाऊ दिला म्हणतात. पुढे रियुनियन बेटावर कुंपणाला चायना आणि दमास्क असे दोन गुलाब शेजारी-शेजारी लावलेले होते. कुंपणात काय झालं ते मी सांगत नाही. झालेल्या लेकराला तिथल्या एदुआर्द पेरिशाँ नावाच्या जमीनदाराच्या नावावरून 'रोझ एदुआर्द' म्हणू लागले. ते हिंदुस्थानात आलं आणि 'एडवर्ड' झालं. माझ्या आजेसासूबाई तो सातव्या एडवर्ड बादशहाचा समजून त्याला जरा अदबीनंच पाणी घालायच्या. आज फुलवाल्याकडे लांब दांड्याचे जे ऐटबाज गुलाब मिळतात, त्यांच्या पत्रिकेतही ही चिनी आजी आहेच.

तशी नालछ्याच्या वाटेवर नावांची काही खात्री नाही. पुढे मांडवला जी 'खुरासानी चिंच' दिसते ती ना खुरासानची ना चिंच, ती आफ्रिकेची बाओबाब. आणि आम्ही? धारच्या पवारांबरोबर आलो त्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. इथे आम्ही अजून 'मराठे' आणि पुण्याला गेलं की रिक्षावाला हिंदीत बोलतो.

जाऊबाईंना मात्र प्रत्येक झुडपाला इतिहास हवा. 1818 नंतर कंपनीच्या माल्कमसाहेबानं ओसाड नालछ्यात जुना वाडा नीट करून मुक्काम केला, हे खरं. पण "त्यानं इथे ओल्ड ब्लश गुलाब लावला असणार" हे कुठून आलं? पुरावा विचारला तर म्हणाल्या, "मला आतून वाटतं." माहेर देवासचं, त्यामुळे दुसरा हुकुमाचा पत्ता कादंबरीकार फॉर्स्टर. 1921 मध्ये तो थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचा चिटणीस होता आणि बागाही त्याच्याच गळ्यात होत्या. म्हणजे जणू इंग्रजी कादंबरी बाजूला ठेवून तो यांच्या आजोबांच्या कुंड्यांना खत घालत होता.

मी म्हटलं, गुलाबाचं वेड इथे जुनंच आहे. मांडवच्या गियासुद्दीन सुलतानाचं 'निमतनामा' हे पाकपुस्तक पंधराव्या शतकाच्या अखेरचं. त्याच्या समोशातसुद्धा गुलाबपाणी. जनानखान्यात पंधरा हजार बायका होत्या म्हणतात, ते सोडा. पण त्यानं निदान गुलाब खाल्ले! तुमच्या चायनाला वास बेताचा, गुलकंद होत नाही, फूल मान टाकतं, पाकळ्या दुपारपर्यंत जमिनीवर. कशाला मग?

तर म्हणाल्या, "यांना काही करावं लागत नाही."

हे खरं आहे, एवढं कबूल करते. डोळा भरलेल्या गुलाबाचं काय होतं? वरचं कलम उन्हाळ्यात वाळतं आणि खालून जंगली फुटवा येतो, तो आपण वर्षभर कौतुकानं वाढवतो. हे स्वतःच्या मुळावर उभे. पावसाळ्यात पेन्सिलीपेक्षा बारीक, नुकतं फूल गळलेली काडी घ्यायची, दोन डोळे मातीत, दोन वर, वरून कापलेली बाटली उपडी. महिना-दीड महिन्यात मुळं. ऑक्टोबरात इतर गुलाबांची करतो तशी कडक छाटणी केली तर हे रुसतात. वाळकं तेवढं काढायचं. मे महिन्यात फुलं रुपयाएवढी होतात आणि पानाखाली लाल कोळी येतो. सकाळी पाण्याचा फवारा मारला की आटोक्यात राहतो. मालव्याची रात्र थंड, त्यामुळे थंडीत तर नुसता गुच्छ असतो. पण हे सगळं मी कौतुकानं सांगत नाहीये, आरोपपत्र म्हणून सांगतेय.

कारण गणपतीत कळस झाला. नालछ्याच्या शेतघरातच दीड दिवसाचा गणपती बसवला होता. दारात चाळीस झुडपं. आदल्या रात्री पाऊस पडला आणि सकाळी वाफ्यांत पाकळ्यांचा चिखल. जी फुलं उरली ती दोऱ्यात ओवताच सुटली. शेवटी भाऊजी गाडी काढून धारला गेले आणि विकतचा हार घेऊन आले. माळीबाबानं हार बघितला, झुडपं बघितली आणि तंबाखू मळत विचारलं, "मग हे सगळं कुणासाठी?" भाऊजींनी त्यांना चहा पाजला, इतक्या प्रेमानं मी त्यांना कुणाशी वागताना बघितलेलं नाही.

आरती सुरू झाली. जाऊबाईंच्या हातात टाळ, नजर हारावर. "एडवर्ड आहे," त्या दोन कडव्यांच्या मध्ये माझ्या कानात म्हणाल्या. हाराच्या गोंड्यात एक फूल चांगलं वीतभर दांडीसकट बांधलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला मूर्ती उचलली तेव्हा हार होता, गोंडा होता, दांडीवालं फूल नव्हतं. भाऊजींनी बाथरूममधून आवाज दिला, "माझं ब्लेड कुणी घेतलंय?"