हाऊसफुल्ल, पण तोट्यात

माझं पहिलं हॉटेल मी दहाव्या वर्षी बांधलं. मे महिन्यात, आजोळच्या ओटीवर, 'व्यापार'च्या पटावर. आधी मुंबईवर घरं बसवायची, पैसे साठले की हॉटेल. त्या हॉटेलात कुणी चादर बदला म्हणत नसे की चहा गार झाल्याची तक्रार करत नसे. एखाद्या मावसभावाची सोंगटी तिथे पडली की भाडं वसूल करायचं आणि तो रडायला लागला की आजीनं पट गुंडाळायचा. एवढ्या अनुभवाच्या जोरावर मी परवा भाचीला म्हणालो, "आण इकडे, मी चालवून दाखवतो तुझं हॉटेल."

भाची हॉटेल मॅनेजमेंट शिकते. या विषयाचं कॉलेज मुंबईत लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं १९५४ सालीच निघालं, पण आमच्या घरात अजूनही 'कॅटरिंग' म्हणजे कांदा बारीक चिरणं. तिच्या लॅपटॉपवर कांदा कुठेच नव्हता. होतं ते शंभर खोल्यांचं हॉटेल आणि आजूबाजूला कॉम्प्युटरनं उभी केलेली चार स्पर्धक हॉटेलं. खोलीचं भाडं, नोकरमाणसं, जाहिरात, डागडुजी, प्रशिक्षण असे सगळे आकडे भरायचे आणि बटण दाबायचं. तीन महिने संपले!

"चुकलास तरी चालेल, मामा. सरावाचा डाव आहे," ती म्हणाली. मला कुणी असा धीर दिला की मी चुकतोच.

मी भाडं २,७०० रुपये लावलं. शंभरच्या शंभर खोल्या भरल्या. हाऊसफुल्लचा फलक दिसला की मराठी माणसाचा ऊर भरून येतो. मी टाळीसाठी हात पुढे केला. भाचीनं कागद पुढे केला. शेजारच्या हॉटेलानं ४,००० रुपये लावून ७० खोल्या भरल्या होत्या. माझे रोजचे २ लाख ७० हजार, त्याचे २ लाख ८० हजार. शिवाय तीस खोल्यांच्या चादरी, साबण, गरम पाणी सगळं वाचलेलं. "हे नाटक नाही, मामा. नाटकाची खुर्ची रोज धुवायला टाकावी लागत नाही." एकूण खोल्यांमागे सरासरी किती पैसे पडले, हे बघायचं, त्याला 'रेव्हपार' म्हणतात. माझा २,७००, शेजाऱ्याचा २,८००.

मग चढ्या भाड्यानं अर्धं हॉटेल रिकामं ठेवून पाहिलं. तेही चुकलंच. कालचं केळं आज शिकरणीत तरी जातं. कालची रिकामी खोली कशातच जात नाही. म्हणून मागणी बघून भाडं रोज खालीवर करायचं. विमान कंपन्यांनी १९८० च्या दशकात ही कसरत बसवली आणि हॉटेलांनी ती उचलली.

तोटा भरून काढायला मी घरगुती उपाय केला. डागडुजी शून्य, प्रशिक्षण शून्य. नफा टुणकन वर आला! पुढच्या तिमाहीतही कुणाची तक्रार नाही. "बघ, उगाच खर्च करतात लोक," असं म्हणून मी चहा टाकायला उठलो. चहा होईपर्यंत पाचवी तिमाही उजाडली आणि पाहुण्यांचं समाधान घसरलं. मी भाडं उतरवलं. आणखी घसरलं. मी जाहिरात वाढवली, स्पर्धकांवर संशय घेतला, कॉम्प्युटरवरही घेतला. भाचीनं शांतपणे मागची पानं उलटली आणि तिसऱ्या तिमाहीवर बोट ठेवलं. "हे इथलं आहे, मामा."

मला आजोळचं कौलारू घर आठवलं. ते दर मे महिन्यात शाकारायचं. एका वर्षी खर्च वाचवला. त्या पावसात थेंब-थेंब पाणी आलं, आजीनं खाली पातेलं ठेवलं. पुढे दोन वर्षांनी वासा कुजला तेव्हा दोष आधी सुताराला गेला, मग लाकडाला, शेवटी माकडांना. तो मे महिना कुणालाच आठवला नाही. मध्ये दोन पावसाळे गेले होते. भाचीच्या डावात मध्ये फक्त एक चहा जातो. एवढंच त्याचं कसब, पण ते मोठं.

या डावात माणूस मात्र दिसत नाही. 'समाधान ६२' एवढाच आकडा. भाचीनं इंडस्ट्रियल ट्रेनिंगला गेल्यावर अशा आकड्यामागचा एक माणूस पाहिला होता : चकचकीत बाथरूममध्ये टॉवेल गुंडाळून बादली-मग शोधणारे एक आजोबा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९२६ साली विद्यार्थ्यांनीच खरं हॉटेल चालवायचा उपक्रम सुरू झाला, तो बहुधा अशाच आजोबांची गाठ पडावी म्हणून.

रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती. गच्चीचं वॉटरप्रूफिंग याही वर्षी पुढे ढकलायचा ठराव आला. गेली दोन वर्षं त्यासाठी सगळ्यात आधी वर जाणारा हात माझाच होता. या वेळी मी विरोध केला.

"तुम्हाला यातलं कधीपासून कळायला लागलं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"शंभर खोल्यांचं हॉटेल बुडवलंय मी," मी म्हणालो.

सभेत एकदम शांतता पसरली. चहा मात्र त्या दिवशी मला पहिला मिळाला.