रिसालदारांचा रिव्हर्स गिअर

नगरला आर्मर्ड कोअरचं केंद्र असल्यामुळे निवृत्त रणगाडेवाल्यांची वाण नाही. पण आमच्या शेजाऱ्यांना चुकून ‘सुभेदार’ म्हणालात, तर तुमची संध्याकाळ गेली. पायदळात सुभेदार, रणगाड्यात रिसालदार, एवढं समजावून ते थेट सोव्हिएत युनियनमध्ये शिरतात.

“खारकोव्हच्या मोरोझोव्हनं टी-६४ काढला. गाडी हुशार, पण इंजिन नाजूक! मग निझ्नी तागिलच्या कार्त्सेव्हनं टी-३४ च्या घराण्यातलंच डिझेल इंजिन वाढवून बसवलं. ७८० अश्वशक्ती! १९७३ ला टी-७२ फौजेत हजर.” कार्त्सेव्हनं आराखडा आधी यांना दाखवून घेतला असावा, असा एकूण सूर.

गोळा भरणारा चौथा गडी त्या बुटक्या रणगाड्यात नाही. फिरत्या चकतीतले २२ गोळे यंत्र भरतं. त्यामुळे सोसायटीची अकरा जणांची गणेशोत्सव समिती त्यांना बघवत नाही. “कमांडर, गनर, ड्रायव्हर. बाकी सगळं वजन!” मुलीला सहा फुटी स्थळ आलं, घरात आनंदीआनंद, हे मात्र म्हणाले, “डोकं आपटेल.”

त्यांच्यापुढे १९९१ चं नाव काढू नये. आखाती युद्धात इराकी टी-७२ अमेरिकी अब्राम्सपुढे टिकले नाहीत, असं सोसायटीतले जोशी एकदा बोलून गेले. “तो निर्यातीचा माल! गोळे जुने, रात्री दिसायची बोंब!”

“मग आपण घेतलेला काय घरगुती वापराचा होता?”

“आपला अवाडीला बनलाय. नाव अजेय!” असं ओरडून रिसालदार लाल झाले. टी-७२ मध्ये दारूगोळा माणसांच्या पायाखालीच असतो. तो पेटला की अख्खा टरेट हवेत उडतो. जोशी दोन पावलं मागे सरकले ते बरं झालं.

स्वतः रिसालदार सहसा मागे सरकत नाहीत. टी-७२ ला पुढचे गिअर सात, मागचा एकच, आणि त्याचा वेग ताशी जेमतेम चार किलोमीटर. सकाळी नऊला काकूंशी सुरू झालेल्या वादात “तुझंही बरोबर असेल” इथवर पोचायला त्यांना दिवेलागण होते. तोवर काकूंनी बँक, भाजी आणि जावई, तिन्ही ठरवलेलं असतं.

“चिलखत जाड असतं ते पुढून,” रिसालदार शिकवतात, “म्हणून शत्रूला कायम समोर ठेवायचं.” त्यांची खुर्ची दाराकडे तोंड करून मांडलेली असते. स्वयंपाकघर मागे आहे.