आ करा! : नवख्या डेंटल असिस्टंटसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन. 'क्लिनिकसाठी मुलगी पाहिजे, अनुभवाची गरज नाही' ही पाटी वाचून तुम्ही जिना चढलात आणि चहा पिऊन व्हायच्या आत तुमच्या हातात सक्शनची नळी आली. १९४८च्या डेंटिस्ट ॲक्टने डेंटिस्टची नोंदणी सांगितली, हायजिनिस्टची सांगितली, कवळ्या बनवणाऱ्या मेकॅनिकचीही सांगितली. तुमची राहून गेली. म्हणजे त्या कायद्याच्या हिशेबी खुर्चीशेजारी कोणी बसलेलंच नाही. जे माणूस तिथे नाहीच, त्याच्या हातून चूक तरी कशी होणार? तेव्हा निश्चिंत मनाने पुढे वाचा.

पहिलं कौशल्य बसण्याचं. पेशंटच्या तोंडाभोवती घड्याळ कल्पायचं, डोक्याच्या टोकाला बारा. उजव्या हाताने काम करणारे डॉक्टर सात ते बाराच्या दरम्यान असतात, तुम्ही दोन ते चारमध्ये. हत्यारांची देवघेव चार ते सातच्या पट्ट्यात, म्हणजे हनुवटीखाली. पेशंटच्या डोळ्यांवरून काहीही न्यायचं नाही, प्रोब तर नाहीच. तुमचं स्टूल डॉक्टरांच्या स्टुलापेक्षा चार-सहा इंच उंच हवं असं पुस्तक सांगतं. क्लिनिकमध्ये स्टूल एकच असतं आणि त्यावर सर बसलेले असतात, हे पुस्तकाच्या कानावर गेलेलं नाही. तरी उंचीचं कारण समजून घ्या. सरांची नजर एका दाढेच्या खड्ड्यात अडकलेली असते. मागे घशाशी पाणी किती साचलंय, कापसाचा बोळा कुठे सरकलाय, हे वरून पाहणाऱ्यालाच दिसतं.

सक्शन धरणं सोपं असतं, असं सक्शन न धरलेली माणसं सांगतात. दात कोरायचा एअरोटर तोंडात जाण्याआधी नळी जागेवर हवी, नंतर घुसवायला गेलात तर सरांचा हात हलतो. टोक दाढेच्या जरा मागे, गालाला चिकटणार नाही असं. मऊ टाळूला लागलं की उमासा आलाच, आणि तो तुमच्याच दिशेने येतो. लाळ ओढणाऱ्या बारीक नळीभोवती पेशंटला ओठ मिटायला सांगू नका. ओठ मिटून त्याने चोखलं की नळीतला माल उलटा तोंडात येऊ शकतो, आणि त्या नळीत आधीच्या पेशंटचंही काही असतं.

आता केसपेपर. 'काही आजार?' असं विचारलंत की उत्तर ठरलेलं, 'काही नाही.' म्हणून आजार विचारायचाच नाही, गोळ्या विचारायच्या. 'रोज काय घेता, काकू?' 'ती एक बीपीची. पण बीपी नाही हो मला, गोळीने नॉर्मल असतं.' 'आणि?' 'एक ती रक्त पातळ व्हायची. पण ती हार्टची आहे, दातांची नाही.' दाढ काढायला आलेल्या काकूंचं हे शेवटचं वाक्य सरांच्या कानावर इंजेक्शनच्या आधी गेलं पाहिजे, रक्त थांबेना झाल्यावर नव्हे. शुगरवाल्या काकांना आणखी एक प्रश्न, 'जेवून आलात ना?' ते गोळी घेऊन आणि नाश्ता टाळून आलेले असतात, कारण शेजाऱ्याने सांगितलेलं असतं की दाताला उपाशीपोटी जावं. दिवस गेलेत का, हे बाईंना बाजूला घेऊन विचारा. सोबत सासूबाई असतील तर आणखी बाजूला.

यानंतर या मार्गदर्शिकेतला सर्वांत नाजूक विषय : सरांना न दुखावता चुकीची दाढ वाचवणे. दातांना दोन आकडी नंबर असतात. वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. खालची पहिली मोठी दाढ डावीकडची ३६, उजवीकडची ४६. पेशंटची उजवी तुमची डावी, आणि एक्स-रेची फिल्म उलटी धरली तर पुन्हा भलतीच. सकाळपासून बारा पेशंट झालेले, दोन्ही बाजूंच्या दाढा सारख्याच किडलेल्या, आणि फोर्सेप ३६कडे निघालाय. केसपेपरवर ४६ आहे. काय कराल?

'सर, तुम्ही चुकताय' हे म्हणायचं नाही. डॉक्टर चुकत नसतात, फार तर केसपेपर चुकतो. पहिली पायरी चहा विचारल्याच्या सुरात : 'सर, एक्स-रे परत लावू का?' उत्तर आलं नाही तर दुसरी : 'सर, पेपरवर शेहेचाळीस लिहिलंय.' इथे बहुतेक सर 'माहितीये मला' म्हणतात आणि हात मागे घेतात. दोन्ही एकदम घडतं, त्यातलं फक्त दुसरं पाहायचं. तरीही फोर्सेप पुढे सरकला तर तिसरी : 'सर, थांबा.' हे मोठ्याने म्हणायचं. नोकरीच्या पहिल्या दिवशीही म्हणायचं. सर रागावतील, दोन दिवस तुम्हाला 'अहो' म्हणतील. मोठ्या माणसाची दाढ एकदा निघाली की तिच्या जागी दुसरी उगवत नाही, दोन दिवसांचा राग त्यापेक्षा स्वस्त आहे. शहाण्या क्लिनिकमध्ये या तिन्ही पायऱ्या लागत नाहीत. तिथे बधिर करण्याआधीच डॉक्टर नंबर मोठ्याने बोलतात, तुम्ही पेपर वाचता, आणि पेशंट दुखऱ्या दाढेवर बोट ठेवतो.

रूट कॅनालच्या दिवशी ट्रेवर तीन सिरिंज असतात. एकीत सलाइन, एकीत बधिर करायचं औषध, एकीत हायपोक्लोराइट. तिन्ही पाण्यासारखी. हायपोक्लोराइट दाताच्या नळीत जंतू मारतं. तेच हिरडीत टोचलं गेलं तर माणूस किंचाळतो आणि बघता बघता गाल सुजतो. सिरिंज भरल्या क्षणी लेबल लावा. 'मला वासावरून कळतं' असं एखादी अनुभवी सिस्टर सांगेल. तिला मास्क लावायला सांगा.

वापरलेल्या सुईचं टोपण दोन हातांनी लावायचं नाही. टोपण ट्रेवर आडवं ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवायची. तरी टोचलीच तर बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात तर घालूच नका. साबण, वाहतं पाणी, आणि लगेच डॉक्टरांना सांगणं. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, दोनेक तासांत झाली तर उत्तम. हिपॅटायटिस बीची लस मात्र सुई टोचायच्या आधीची गोष्ट : आज, महिन्याने, सहाव्या महिन्यात. तिचे पैसे पगारातून कापले जात असतील तर ही मार्गदर्शिका सरांच्या टेबलावर उघडी ठेवून घरी जा.

ऑटोक्लेव्हबद्दल थोडक्यात. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. दहाव्या मिनिटाला लाइट गेली तर परत आल्यावर उरलेली पाच चालवायची नाहीत, सगळं पहिल्यापासून. पाकिटावरची पट्टी काळी झाली म्हणजे आत उष्णता पोचली एवढंच, जंतू मेले की नाही ते स्पोअर टेस्ट सांगते. एअरोटरवर स्पिरिटचा बोळा फिरवणे हा श्रद्धेचा विषय आहे, निर्जंतुकीकरणाचा नाही.

चक्कर कोणाला येते? तालमीतल्या पोरांना. चार बाळंतपणं झालेल्या आजी दाढ काढून भाजी घेत घरी जातात, पैलवान सुई बघून पांढरा पडतो. कपाळावर घाम, जांभया, मुठी सैल, हे सरांच्या आधी तुम्हाला दिसेल. तोंडातलं सगळं बाहेर, खुर्ची आडवी, पाय वर. पाणी पाजायचं नाही. बाहेरून कोणी कांदा फोडून आणेल, कोणी चप्पल पुढे करेल, दोन्ही आदराने परत करा. मिनिटभरात शुद्धीवर आला नाही तर ती साधी चक्कर नव्हे, श्वास चालू आहे का बघत १०८ लावा.

शेवटी कचरा. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लव्ह्ज आणि सक्शनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या जाड डब्यात. काढलेली दाढही पिवळ्यात, पण तीत चांदी भरलेली असेल तर वेगळी ठेवा, कारण पिवळी पिशवी जाळायला जाते आणि त्या चांदीत पारा असतो. एखादी आजी नातवाचा दुधाचा दात मागेल. स्वच्छ धुऊन छोट्या पाकिटात द्या. तो कौलांवर टाकायचा असतो. स्लॅबच्या घरात, पाचव्या मजल्यावर, तो नेमका कुठे टाकायचा, हा प्रश्न मात्र सरांकडे पाठवा.