बारावीनंतरचा निर्णय : कर्ता, कर्म आणि काका

बारावीनंतर काय करावे हा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो, असे गृहीत धरूनच बहुतेक मार्गदर्शनपर पुस्तके लिहिली गेली आहेत. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांपुरते पाहिले तर तो प्रथम मावशीला पडतो, नंतर वडिलांच्या ऑफिसातील सहकाऱ्यांना, मग नाशिकच्या काकांना, आणि वेळ उरलाच तर विद्यार्थ्याला. तोवर उत्तर ठरलेले असल्यामुळे त्याच्या वाट्याला केवळ फॉर्मवरची सही येते.

दहा अधिक दोन अधिक तीन या आकृतिबंधाची शिफारस करणाऱ्या कोठारी आयोगाला (१९६४-६६) हे अभिप्रेत नव्हते. दहावीनंतरच्या टप्प्यावर बऱ्याच मुलांनी व्यवसाय शिक्षणाकडे वळावे, अशी आयोगाची कल्पना होती. प्रत्यक्षात या दोन वर्षांत ‘इंटिग्रेटेड’ नावाची पद्धत उदयाला आली. इंटिग्रेटेड म्हणजे प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि शिक्षण एका क्लासमध्ये, अशी व्यवस्था. तीत महाविद्यालयाकडे हॉल तिकीट व प्रात्यक्षिकाच्या वहीवरील सह्या एवढीच खाती राहतात, आणि काही विद्यार्थ्यांना आपले महाविद्यालय कोणत्या रस्त्यावर आहे याचा शोध परीक्षेच्या आदल्या दिवशी लागतो.

इंजिनिअरिंग हा घरोघरचा विषय कसा झाला, याचे कारण मात्र आयोगात नसून राजकारणात आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ मध्ये सुरू झाले, मुंबईची व्हीजेटीआय १८८७ मध्ये. त्यानंतरही राज्यातील जागा दीर्घकाळ मोजक्याच होत्या, त्यामुळे इंजिनिअर होणे न जमणे हे सन्मान्य मानले जाई. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांना वाट मोकळी केली, माळरानांवर इमारती उभ्या राहिल्या आणि ही सबब कायमची संपली.

निर्णयप्रक्रियेतील मध्यवर्ती संज्ञा ‘स्कोप’ ही होय. एखाद्या शाखेला स्कोप असणे म्हणजे त्या शाखेतून बाहेर पडलेल्या, ओळखीतल्या निदान एका मुलाने बाणेर-हिंजवडीच्या बाजूला फ्लॅट घेतलेला असणे. स्कोपचे आयुष्य सामान्यतः अभ्यासक्रमाच्या मुदतीपेक्षा कमी असते. ज्या स्कोपकडे पाहून प्रवेश घेतला तो पदवी हाती पडेपर्यंत शेजारच्या शाखेत राहायला गेलेला असतो, जसा तो इलेक्ट्रॉनिक्सकडून कॉम्प्युटरकडे आणि अलीकडे एआयकडे गेला. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र यांना स्कोप नसतो, यावर सर्व काकांचे एकमत आहे. तथापि तेच विषय इंजिनिअरिंगची चार वर्षे पुरी करून, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्ची भाड्याने घेऊन, एमपीएससीसाठी वाचले तर त्यांना तत्काळ स्कोप प्राप्त होतो. या चमत्काराची मीमांसा कोणत्याही काकांनी अद्याप केलेली नाही.

गुणांचे गणित याहून गहन आहे. राज्यातील इंजिनिअरिंगचे बहुतांश प्रवेश सीईटी या सामाईक प्रवेश परीक्षेवर होतात, आणि बारावीला खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला संबंधित विषयांत मिळून ४५ टक्के पुरतात. म्हणजे ज्याला ९२ टक्के मिळाले त्याचे उरलेले ४७ टक्के पेढ्यांसाठी असतात. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पर्सेंटाइल म्हणजे आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे शंभरात किती, हे सांगणारा आकडा. तीन लाख मुले बसली तर एका पर्सेंटाइलच्या पोटात तीन हजार मुले मावतात, म्हणून हा आकडा दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत देतात आणि नातेवाईक त्यातली दोन स्थळे पाठ करतात. ९७ मिळालेला मुलगा तोंड पाडून बसलेला पाहून आजी हतबुद्ध होते. तिच्या काळी साठाला हत्तीवरून साखर वाटत.

यानंतर कागदपत्रे. शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल म्हणजे अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेअर, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, हे सारे प्लास्टिकच्या कप्प्यांच्या ज्या फाइलमध्ये राहते ती आई पदराआड धरून सेतू केंद्राच्या रांगेत उभी असते. खिडकीशी पोहोचल्यावर असे निष्पन्न होते की आईचे नाव एका कागदावर ‘सुनिता’ आणि दुसऱ्यावर ‘सुनीता’ आहे. मराठी शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्रात इतक्या गांभीर्याने अन्यत्र कुठेही पाळले जात नाहीत. ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते, आणि तेही उद्या, कारण आज सर्व्हर डाउन असतो.

शेवटी ऑप्शन फॉर्म. कॅप अर्थात केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत विद्यार्थ्याने महाविद्यालये व शाखा पसंतीक्रमाने मांडायच्या असतात, आणि त्याच्या गुणवत्ताक्रमानुसार वरून पहिली जी मिळू शकते ती त्याला मिळते. म्हणजे क्रम लावणाऱ्याच्या हाती बरेच काही असते. हे ओळखून वडील गेल्या वर्षीचे कटऑफ एक्सेलमध्ये उतरवतात, काका फोनवरून ‘मेकॅनिकल खाली घे, सिव्हिल काढूनच टाक’ असे सांगतात, आणि मतदार यादीच्या उंबरठ्यावर उभा असलेला नागरिक माऊस हलवतो. नोंदणीला मोबाइल नंबर वडिलांचा दिलेला असल्याने ओटीपी त्यांच्याकडे येतो. ते मीटिंगमध्ये असले तर भवितव्य टाइम आउट होते.

फॉर्म कन्फर्म करण्यापूर्वी क्रम कितीही वेळा बदलता येतो, हा नियम माहितीपुस्तिकेत असतो आणि घरात ती पुस्तिका बहुधा एकट्या विद्यार्थ्याने वाचलेली असते. शेवटच्या रात्री वडिलांचा मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला असतो, काकांचा फोन दहानंतर येत नाही, आणि अशा वेळी अकराव्या क्रमांकावरची सिव्हिल पहिल्यावर गेल्याची उदाहरणे आहेत. अलॉटमेंटच्या दिवशी वडील एक्सेल पुन्हा पुन्हा तपासतात, सीईटी सेलच्या कारभारावर ताशेरे ओढतात, आणि मुलगा त्यांच्याशी पूर्णपणे सहमत होतो.