पंगतीचे क्वालिटी इन्स्पेक्टर

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचं आयुष्य सुट्या भागांची मापं घेण्यात गेलं, अशा माणसांना निवृत्तीनंतर पंगतीपासून लांब ठेवावं. आमच्या सोसायटीतल्या काकांना कुणी ठेवलं नाही. दिवाळीच्या पाडव्याला इथली मराठी घरं त्यांच्याकडे जेवायला जमतात, आणि टेबल कसं मांडायचं याची चिंता काकांना गणपती विसर्जनापासूनच लागते. एकच अट असते : "चारचौघांसारखं नको." म्हणजे स्टील नको.

इतकी वर्षं त्यांचा प्रॉव्हिडंट फंड सिल्क बोर्डच्या चौकातल्या कोंडीनं राखला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची यलो लाइन बोम्मसंद्र्यापर्यंत आली आणि तो बांध फुटला. आर. व्ही. रोडला गाडी बदलली की चिकपेट! 'एष्टु?' आणि 'जास्ति आयितु' एवढ्या कानडीवर काका भांड्यांची दुकानं पालथी घालू लागले. खिशात व्हर्नियर कॅलिपर. हातानं ठोकलेल्या वाटीचा काठ चार ठिकाणी मोजायचा. सारखा भरला, तर "मशीनची आहे" म्हणून परत. कमीजास्त भरला, तर "फिनिशिंग नाही" म्हणून परत.

तरीही घर भरलंच. आधी बिदरीची तबकडी आली. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर नक्षी कोरायची, तीत चांदी ठोकून बसवायची आणि बिदरच्या किल्ल्यातल्या मातीचा लेप द्यायचा. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच चमकते. हे काका रंगून सांगतात, पण तबकडीत लिंबाची फोड ठेवणाऱ्याचा हात धरतात. आंबटानं जस्त खराब होतं ना!

मग चन्नपट्टणच्या वाट्या. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात. घर्षणानं तापून लाख लाकडावर चढते, वर केवड्याच्या पानानं चकाकी आणतात. 'लेथ' म्हणताना काकांचा आवाज कापरा होतो. पण तापून चढलेली लाख तापूनच सुटणार, तेव्हा त्यांत गरम आमटी नाही. पितळी वाट्याही आल्या, कल्हई नसलेल्या. त्यांत कोशिंबीर कळकणार.

पाडव्याच्या रात्री टेबल असं सजलं होतं की जेवायचं धाडस होईना. झेंडूच्या पाकळ्या, समया, मीठ-चटणीच्या जागा काटेकोर आखलेल्या. मी पापड कुठे ठेवू विचारलं, तर काका म्हणाले, "अरे, पापड ड्रॉइंगमध्ये नाही!"

काकूंनी टेबलाचे फोटो निघेपर्यंत दम धरला. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर पोफळीच्या विरीची ताटं मांडली, लग्नात आलेल्या स्टीलच्या वाट्या काढल्या आणि हाक मारली. सगळे आत धावले. पुरणपोळीवर तूप पडलं, कटाची आमटी वाढली गेली. शेवटी काकाही आले. तिसऱ्यांदा वाटी पुढे करत म्हणाले,

"पुढच्या वर्षी पॉटरी टाउनला जाऊन येतो. मातीच्या वाटीत आमटी चालते ना गं?"

"आमटीला चालते हो," काकू म्हणाल्या, "तुम्हाला चालेल का, ते आधी सांगा."