परवानाधारकांचा अभ्यासवर्ग

मराठी माणसाला सुटीत नुसतं सुख सोसत नाही. समुद्रकिनारी आडवं पडून लाटा बघत राहणं म्हणजे त्याला पैशांचा अपव्यय वाटतो. किल्ल्यावर नेलं तर तो माहितीचा फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, चहाच्या मळ्यात नेलं तर कारखाना बघायचा हट्ट धरतो. घरी परतल्यावर 'मजा आली' एवढ्यावर त्याचं भागत नाही, 'बरंच शिकायला मिळालं' असं म्हणता आलं पाहिजे. त्यामुळे दक्षिण गोव्यातल्या आमच्या रिसॉर्टच्या लॉबीत 'बार' असा बाण होता, तिकडे आमच्यापैकी कुणी मान वळवली नव्हती. पण त्या बाणाखालीच 'कॉकटेल मेकिंग क्लास, दुपारी ४ वाजता, प्रात्यक्षिकासह. प्रमाणपत्र दिले जाईल' असा कागद लागला आणि सगळं कुटुंब थबकलं.

दारू पिणं हे व्यसन. दारू शिकणं हे शिक्षण. आणि शिक्षणाला नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

कुटुंब म्हणजे बायको, मेहुणी, साडूभाऊ आणि त्या दोघी बहिणींची सांगलीची मावशी. मावशींनी आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. दारूला त्यांनी कधी हात लावलेला नाही, म्हणजे तोंड लावलेलं नाही. हात इथेनॉल म्हणून रोजच लागत होता. "मी घेणार नाही," त्यांनी जाहीर केलं, "पण लोक घेतात त्यात काय काय असतं ते कळायला नको?" आणि पर्समधून वही काढली.

साडूभाऊ सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. कागद पूर्ण असल्याशिवाय ते काही करत नाहीत, पीत तर नाहीतच. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि त्यानुसार दारू प्यायची तर परवाना लागतो, हे बहुतेक पिणाऱ्यांच्या गावीही नसतं. साडूभाऊंकडे आजीवन परवाना आहे, तोही लॅमिनेट केलेला. हा परवाना प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो, त्यामुळे पिताना ते चेहरा गंभीर ठेवतात.

क्लास माडांखाली झावळ्यांच्या मांडवात होता. प्रत्येकापुढे स्टीलचा शेकर, जिगर नावाचं दोन तोंडांचं माप, गाळणी, लिंबं आणि बर्फाची बादली. शिकवणारा तरुण सांग्याकडचा, कोंकणी वळणाचं छान मराठी बोलणारा. साडूभाऊंनी आधी परवाना काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"हे कसलं, पात्रांव? पिण्याचं लायसन्स? आमच्याकडे गाडी चालवायला लागतं."

साडूभाऊंनी परवाना परत पाकिटात ठेवला. गोव्याच्या प्रशासनाबद्दलचं त्यांचं मत तिथेच बनलं.

पहिला धडा डायकिरीचा. पांढरी रम, लिंबाचा रस आणि साखर, बस्स. क्यूबात सांतियागोजवळ डायकिरी नावाच्या ठिकाणी लोखंडाच्या खाणी होत्या. तिथल्या जेनिंग्ज कॉक्स नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १८९८ च्या सुमारास हे पेय तयार केलं, असं सांगतात.

"खाणी तर तुमच्याकडेही आहेत," साडूभाऊ म्हणाले. "इथल्या खाणींतून असं काही निघालं नाही ते?"

"निघालं ना. मी निघालो," तो म्हणाला. "बाबा खनिजाचा ट्रक चालवायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, म्हणून तर मी इथं."

यावर कुणालाच काही सुचलं नाही, तेव्हा आम्ही मापाकडे वळलो. रम ६० मिली, लिंबू ३०, साखरेचा पाक २०. जिगर काठोकाठ भरायचं, असं तो म्हणाला आणि मावशींची मान वर झाली.

"काठोकाठ म्हणजे? लोअर मेनिस्कस की अपर?"

"आंटी, ते काय?"

मावशींनी जिगर डोळ्यांच्या पातळीला धरलं. भांड्यातला द्रव कडेला चढतो आणि मध्ये खोलगट राहतो, वाचन नेहमी त्या खोलगट भागाच्या तळाशी घ्यायचं, हे त्यांनी समजावलं. त्यांच्या आजवरच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच यानेही नको तिथे मान डोलावली. बेंगळुरूहून आलेलं एक तरुण जोडपं शेजारच्या टेबलावर होतं. त्यांनी मात्र वाकून आपापलं मेनिस्कस बघायला सुरुवात केली.

मग शेकिंग. बर्फ घालून झाकण ठोकायचं आणि शेकर खांद्यापाशी धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायचा. साडूभाऊंनी सेकंद घड्याळात मोजले. पण थंडीने धातू आवळला जातो आणि दोन्ही भांडी एकमेकांना घट्ट धरून बसतात. साडूभाऊंनी ओढलं, पिळलं, टेबलावर आपटलं. बायकोने शेकर हातातून घेतला, कडेला तळव्याने एक चापट दिली आणि उघडून परत दिला. "परफेक्ट!" शिकवणारा ओरडला. "हे शिकायला आमच्या मुलांना आठवडा लागतो. मॅडम कुठे शिकल्या?"

"घरी," बायको म्हणाली. "अडकलेलं काही उघडायचं असलं की माझ्याकडेच येतं."

साडूभाऊंची खरी तक्रार वेगळी होती. शेकरमध्ये ओतलं त्याहून ग्लासात जास्त आलं होतं, म्हणजे बर्फाचं पाणी झालं होतं. पैसे दारूचे घ्यायचे आणि पाणी पाजायचं? तो मुलगा म्हणाला की ते मुद्दामच करायचं असतं, तयार कॉकटेलमध्ये जवळजवळ पाव भाग पाणीच असतं, नाहीतर घशाखाली उतरणार नाही. पण हे कशामुळे, ते मावशींनी सांगितलं. एक ग्रॅम बर्फ वितळताना भोवतालची ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. बर्फ वितळल्याशिवाय पेय इतकं गार होणारच नाही. पाणी आणि गारवा एकाच व्यवहारात मिळतात.

साडूभाऊंनी आकडेमोड केली. "म्हणजे प्रत्येक ग्रॅमामागे ८० कॅलरी माझ्या ग्लासातून कमी झाल्या?"

"त्या कॅलरी वेगळ्या, जावईबापू. आहारातली एक म्हणजे यांतल्या हजार."

साडूभाऊंनी तो हिशेब खोडला आणि ग्लास रिकामा केला.

दुसरा धडा पिन्या कोलाडाचा. अननस, नारळाचं गोड घट्ट दूध आणि रम. पोर्तो रिकोत सान हुआन शहरातल्या कारीबे हिल्टन हॉटेलात रामोन मार्रेरो या बारटेंडरने १९५४ मध्ये ते पहिल्यांदा बनवलं, असं हॉटेल सांगतं. त्याच शहरातल्या बाराचीना या रेस्टॉरंटच्या भिंतीवर मात्र पाटी आहे, की ते इथं १९६३ मध्ये जन्मलं. १९७८ मध्ये सरकारने ते पोर्तो रिकोचं राष्ट्रीय पेय ठरवलं, पण पाटी आहे तिथेच आहे. एका शहरात एका पदार्थाचे दोन जनक आणि दोघांतला कुणीही मागे हटायला तयार नाही, हे कळल्यावर आम्हाला पोर्तो रिकोबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. बायको म्हणाली १९५४, मेहुणी म्हणाली पाटी उगाच कोण लावेल, आणि दोघींचे शेकर वादभर हातातच राहिले.

वाद संपल्यावर मेहुणीने ग्लासावर जायफळ किसलं. ते टेबलावर कशासाठी ठेवलं होतं कोण जाणे, पण समोर दुधासारखं गोड काही दिसलं आणि जायफळ हाताशी असलं की ती थांबत नाही. बिघडलं असणार असं सगळ्यांना वाटलं. तो मुलगा मात्र खूश झाला. "यात थोडा संत्र्याचा रस घाला, ताई, की झालं पेनकिलर. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरचं. वरून जायफळ हवंच."

"पेनकिलर?" साडूभाऊंनी खिशातल्या पाकिटावर हात ठेवला. "बघा. परवान्यात लिहिलंय तेच." आणि आरोग्यासाठी अर्धा ग्लास आणखी घेतला.

तिसरं पेय निळं होतं. निळं म्हणजे अगदी निळं. ग्लास समोर येताच मावशी खुर्चीतून उठल्या.

"पिऊ नका! मोरचूद आहे."

कॉपर सल्फेट नव्हतं. ब्ल्यू क्युरासाव नावाचं लिकर होतं, चव संत्र्याच्या सालीची आणि रंग वरून दिलेला. एका डच कंपनीच्या विक्रेत्याला ते खपवायचं होतं, म्हणून होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावरच्या हॅरी यी या बारटेंडरने १९५७ मध्ये त्यातून 'ब्ल्यू हवाई' बनवलं. रम, व्होडका, अननस, आंबटगोड पाक आणि हे निळं. "संत्र्याची चव आणि निळा रंग?" मावशी म्हणाल्या. "कारण काय?"

"सुंदर दिसतं म्हणून, आंटी."

मावशींनी वहीत 'निरीक्षण' या रकान्यात 'निळा' लिहिलं आणि 'अनुमान' कोरं ठेवलं.

याच हॅरी यीने पेयात ऑर्किडचं फूल खोवायची चाल पाडली. त्याआधी तो उसाची कांडी लावायचा. लोक ती चघळून ॲश-ट्रेमध्ये टाकायचे आणि सगळं चिकट व्हायचं. साफसफाईचा वैताग नको म्हणून फूल आलं. जगभर ज्याला बेटांवरची मादकता म्हणतात तिच्या मुळाशी ॲश-ट्रे धुण्याचा कंटाळा आहे, हे ऐकून बायकोने आपल्या ग्लासातलं ऑर्किड काढलं, पुसलं आणि केसांत माळलं.

मग शिकवणाऱ्याने रमच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि टेबलाखालून बिनलेबलाची एक बाटली काढली. एप्रिल चालू होता, म्हणजे हुर्राकचे दिवस. इथपर्यंत तो पाठ केलेलं सांगत होता, आता स्वतःचं सांगू लागला. आजोबांची डोंगरात भाटी होती. झाडावरून आपसूक पडलेलेच काजूचे बोंडू वेचायचे, तोडायचे नाहीत. बी पिळून काढायची, बोंडू पायांनी तुडवायचे, रस आंबवायचा आणि भाटीत चढवायचा. पहिल्या उकळीतून निघतो तो हुर्राक, अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास. हुर्राक पुन्हा चढवला की फेणी, ती ४० च्या वर. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, पण ब्राझीलने फेणी केली नाही, ती गोव्याने केली. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. सीमेपलीकडे आमच्या सिंधुदुर्गातही काजूच्या तेवढ्याच बागा. तिथे बी व्यापाऱ्याकडे जाते आणि बोंडू बहुतेक झाडाखालीच सडतात. एकाच झाडाचं अर्धं आम्ही घेतलं, अर्धं गोव्याने, आणि हसतमुख कोण राहिलं ते उघड आहे.

हुर्राकमध्ये लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का. एवढंच. मेहुणीने वासाने नाक दाबलं, मग दाबलेल्या नाकाने एक घोट घेतला, मग नाक सोडलं आणि ग्लास धरला.

मावशी वेगळ्याच गोष्टीत अडकल्या होत्या. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, ऊर्ध्वपातन त्यावरच चालतं, हे ठीक. "पण पुरेशी कडक झाली हे आजोबांना कळायचं कसं? हायड्रोमीटर होता?"

"नाही, आंटी. उंचावरून धार धरायची आणि बुडबुडे बघायचे. किती येतात, किती वेळ टिकतात, त्यावरून."

"दाखव."

त्याने फेणी ग्लासात उंचावरून ओतली. मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि टेबलाच्या पातळीला वाकून बुडबुडे मोजले. मग हुर्राक ओतायला लावला. मग फेणीत पाणी घालून पुन्हा. फरक खरोखरच दिसत होता. बेंगळुरूचं जोडपं आणि तो मुलगा तिघं मावशींच्या भोवती उभे होते आणि क्लास नक्की कोण घेतंय हे कुणी येणाऱ्याजाणाऱ्याने ओळखलं नसतं. मावशींनी 'अनुमान' रकाना भरून काढला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुझे आजोबा उत्तम प्रयोगशाळा सहायक होते." यापेक्षा मोठं कौतुक त्यांनी आमच्या लग्नातही कुणाचं केलं नव्हतं.

शेवटी ज्याने त्याने स्वतःचं कॉकटेल बनवायचं होतं. गुण कोण देणार हा प्रश्नच उरला नव्हता. मावशींनी लाल पेन काढलं. चव त्यांनी एकाचीही घेतली नाही; वास, रंग, स्वच्छता, मापाची अचूकता आणि तोंडी परीक्षा यांवर सगळ्यांना तपासलं. मेहुणीला जायफळाबद्दल चार गुण जास्त. साडूभाऊंना 'प्रयत्न चांगला, नमुना परीक्षेआधीच संपवला' असा शेरा. शिकवणाऱ्याला दहापैकी नऊ. एक गुण निळ्या रंगाचा कापला.

प्रमाणपत्रं आली तेव्हा आमच्या सगळ्यांच्या आडनावांचं स्पेलिंग मावशींनी तिथेच दुरुस्त केलं.

परतीच्या वाटेवर साडूभाऊंना दोन बाटल्या फेणी गाडीत टाकायच्या होत्या. गोव्याची दारू महाराष्ट्रात आणायला वेगळा परवाना लागतो, तुमचा आहे तो पिण्याचा, नेण्याचा नाही, हे मावशींनी त्यांना त्यांच्याच लॅमिनेशनवरचा मजकूर वाचून दाखवून पटवलं. बँकेच्या माणसापुढे कागद केला की तो निरुत्तर होतो. बाटल्या राहिल्या. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाडी बाजूला घेतली गेली. डिकी उघडली. काजू, बिबिंका, ओला टॉवेल.

"गोव्याहून आणखी काय आणलंय?" जवानाने विचारलं.

"ज्ञान," मागच्या सीटवरून मावशी म्हणाल्या.

साडूभाऊंनी घाईघाईने परवाना आणि प्रमाणपत्र दोन्ही खिडकीतून पुढे केलं. जवानाने परवाना बघितला, प्रमाणपत्र मन लावून वाचलं, प्रमाणपत्राची व्यवस्थित घडी घातली आणि दोन्ही परत दिलं.

"जाऊ द्या गाडी," तो म्हणाला. "फक्त घरी प्रॅक्टिकल कराल तेव्हा माल महाराष्ट्रातला घ्या."